जुन्या गाडीच्या एसीसाठी गेज सेट आणि व्हॅक्यूम पंप: नवतप्यापासून दिवाळीपर्यंतचा वापर

आर-134ए गॅसची जुनी गाडी असेल आणि एसी घरीच दुरुस्त करायचा असेल, तर गॅसच्या डब्याआधी गेज सेट (लाइनमधला दाब दाखवणारे दोन काटे: लाल जास्त दाबाच्या बाजूचा, निळा कमी दाबाच्या) आणि लाइनमधली हवा-ओल खेचून काढणारा छोटा व्हॅक्यूम पंप घ्या. अर्धं काम निदानाचं असतं.

नागपुरात वर्धा रोडवर गाडी पळते तोवर गार आणि सिग्नलला कोमट, या तक्रारीवर सर्रास ‘गॅस कमी’ सांगतात. थांबलेल्या गाडीत लाल काटा 300 पीएसआयपलीकडे आणि निळाही 50 च्या वर असेल, तर आधी कंडेन्सरचा (पुढच्या जाळीमागचा, गॅस थंड करणारा भाग) फॅन, त्याचा रिले (फॅन चालू करणारा स्विच) आणि जाळीत बसलेली धूळ बघा. तिथे सगळं ठीक निघालं तर गॅस जास्त भरलेला असू शकतो. दोन्ही काटे पडलेले असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. निळा चढलेला आणि लाल उतरलेला असेल तर कंप्रेसर थकलाय.

पंपाने पैसे वसूल केले. लाइन उघडली की ओ-रिंग (जोडावरची रबर रिंग) पीएजी तेल, म्हणजे एसी कंप्रेसरचं तेल, लावून नवी बसवायची, ओल शोषणारा ड्रायरही नवा. मग किमान 45 मिनिटं व्हॅक्यूम. काटा साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास थांबला म्हणून पंपाला दोष देऊ नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच आहे, इथे समुद्रसपाटीवरचं 29.9 दिसणारच नाही. नंतर व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवा आणि अर्धा तास काटा बघा. थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, अजून पंप चालवा. चढतच राहिला तर गळती. काटा स्थिर राहिला तरी बारीक गळती सुटू शकते. ती नायट्रोजनच्या दाबाखाली साबणाच्या फेसाने सापडते. पावसाळ्यात पंपाचं तेल लवकर दुधाळ होतं. तसं झालं की लगेच बदला, नाहीतर व्हॅक्यूम नीट लागत नाही.

गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, वजन करून. डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभा ठेवा. पाइप ताणला गेला की वजन चुकतं. इंजिन चालू असताना फक्त निळ्या बाजूने भरा. डबा उलटा धरला तर द्रव गॅस कंप्रेसरमध्ये जाऊन कंप्रेसर फुटू शकतो. लाल व्हॉल्व्ह उघडला तर उलटा दाब डब्यात शिरतो आणि डबाच फुटू शकतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

स्वस्त सेटची खोड कपलरमध्ये, म्हणजे पाइप गाडीच्या पोर्टला जोडणाऱ्या टोकात. काही महिन्यांत आतली रबर रिंग कडक होते आणि काढताना फुस्स आवाज येतो. सेटसोबत जादा रिंगा घेऊनच ठेवा. कपलर काढल्यावर पोर्टच्या पिनेवर साबणाचं पाणी टाका, एक बुडबुडाही दिसला तर पिन बदला. टोपी रबरासकट घट्ट लावा.

लाइनमध्ये गॅस शिल्लक असेल तर तो हवेत सोडू नका. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1430 पट तापमान वाढवतो. रिकव्हरी मशीन असलेल्या वर्कशॉपमध्ये आधी काढून घ्या आणि मगच नट सैल करा.