पांदण, कालवा आणि जुना रेल्वेमार्ग: ग्रॅव्हल सायकलीचे चौदा महिने

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात घेतलेली माझी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे डांबर आणि खडी-मुरूम दोन्हींवर चालणारी सायकल, आतापर्यंत सुमारे ३,८०० किलोमीटर चालली असून त्यातला निम्म्याहून अधिक प्रवास डांबर सोडून झाला आहे. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढील निरीक्षणे अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, ७०० सी चाके, ४० मिलिमीटरचे टायर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक आणि पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) अशा बांध्याच्या कोणत्याही सायकलीला लागू पडतील. याच बांध्याची दुसरी सायकल मी यंदा जूनमध्ये जर्मनीत भाड्याने घेऊन तीन दिवस चालवली. नागपूरभोवतीच्या वाटा आणि तिकडचा जुना रेल्वेमार्ग अशा दोन अगदी वेगळ्या कसोट्या त्यामुळे लागल्या, आणि या सायकलीविषयीचे माझे मत त्यानंतरच पक्के झाले.

ही सायकल नागपुरात कशासाठी घ्यावी, हे आधी सांगतो. दख्खनच्या बेसाल्टची पूर्वेकडील कड आपल्या शहरापाशी संपते. त्यामुळे कळमेश्वर-काटोलकडे निघालो की काळी माती लागते आणि रामटेक-मनसरच्या बाजूला गेलो की जमिनीचा रंग आणि पोत दोन्ही बदलतात. या दोन्ही बाजूंना गावांना शेतांशी जोडणाऱ्या पांदणी आहेत, काहींवर मुरूम पडलेला आहे, काही अजून बंडीच्या चाकोरीच्याच आहेत. रोड सायकलीचे २५ मिलिमीटरचे टायर अशा वाटेवर पहिल्या किलोमीटरलाच हात टेकतात. माउंटन बाईक तिथे उत्तम चालते, पण शहरातून त्या पांदणीपर्यंतचे वीस-पंचवीस किलोमीटर डांबर तिच्यावर फार कंटाळवाणे होते. ग्रॅव्हल सायकल डांबरावर ताशी बावीस-चोवीसचा वेग सहज धरते आणि मुरमावर उतरल्यावर तिचा ताबा सुटत नाही. माझ्यापुरते तिचे समर्थन एवढ्यावरच उभे आहे.

टायरविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या सायकलीचा सगळा स्वभाव टायरमधल्या हवेवर ठरतो. दुकानातून ती आली तेव्हा आत ट्यूब होती आणि हवा ६० पीएसआयच्या वर भरलेली होती. त्या अवस्थेत गिट्टीवर हँडल इतके थरथरत होते की तासाभरात तळहात बधिर झाले. ट्यूब काढून टायर ट्यूबलेस केले, माझ्या ७२ किलो वजनाला पुढे ३५ आणि मागे ३८ पीएसआय ठेवले, आणि तीच सायकल परकी वाटावी इतकी शांत झाली. ट्यूबलेसचे दुसरे कारण खास आपल्याकडचे आहे, ते म्हणजे बाभळीचा काटा. पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभूळ आणि बोर असते, आणि कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या वाटेवरच पडलेल्या असतात. ट्यूब होती त्या दीड महिन्यात मी सात पंक्चर काढले. टायरमध्ये सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, भरल्यानंतरच्या वर्षभरात रस्त्यात थांबावे लागले ते एकदाच, टायरची बाजू दगडाने फाटली तेव्हा. फक्त नागपूरच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळते. एप्रिल आणि मेमध्ये मी दर पाच-सहा आठवड्यांनी व्हॉल्व्हमधून थोडे नवे सीलंट भरतो, आणि हे न केल्यास ऐन गरजेच्या वेळी आत केवळ रबराची पापडी सापडते.

आता दोषाकडे येतो. काळ्या मातीपुढे ही सायकल निरुपायी आहे. गेल्या जुलैमध्ये काटोल रस्त्यावरून एका पांदणीत शिरत असताना धुऱ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याने मला थांबवून सांगितले होते, “भाऊ, पुढे जाऊ नका, ही माती चाक धरते.” मी ऐकले नाही. तीनशे मीटरच्या आत टायर आणि फोर्क यांच्यामधली सहा मिलिमीटरची फट मातीने गच्च भरली, पुढचे चाक फिरेनासे झाले, आणि मी जोर लावला तेव्हा मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागात, गवत-माती अडकून त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकला. सायकल खांद्यावर घेऊन परत आलो तेव्हा तेच शेतकरी दादा बादलीभर पाणी घेऊन वाटेत उभे होते. या प्रसंगात दोष सायकलीचा कमी आणि माझा अधिक होता. तरीही माझ्या फ्रेममध्ये ४२ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर बसत नाही, ही उणीव विदर्भासाठी खरेदी करताना लक्षात घेतलीच पाहिजे. टायरभोवती जितकी मोकळी जागा अधिक, तितकी सायकल आपल्या कामाची.

हँगरच्या बाबतीत माझी तक्रार विक्रेत्याबद्दलही आहे. हा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दाम नाजूक बनवलेला असतो, म्हणजे आघात झाल्यास तो वाकावा आणि फ्रेम वाचावी, पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो. ज्या दुकानातून सायकल घेतली तिथे तो नव्हता, आणि तो यायला तब्बल तीन आठवडे लागले. सायकल घेतानाच एक जादा हँगर मागून घ्यावा. उरलेल्या भागांबद्दल विशेष तक्रार नाही. मुरमाच्या धुळीने ब्रेक पॅड २,३०० किलोमीटरवर बदलावे लागले, आणि चेनला ओले तेल लावले की त्या धुळीचा लेप तयार होतो म्हणून आता मेणाचे वंगण वापरतो.

गिअरविषयी माझे मत काळाबरोबर बदलत गेले. पुढे ४० दात आणि मागे सर्वांत मोठी चकती ४२ दातांची, म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.१ मीटर सरकते. नागपूरच्या सपाटीवर एवढा हलका गिअर कशाला, असे सुरुवातीला वाटले होते. पेंच प्रकल्पाच्या कालव्याकाठी मुरमाच्या वाटेवर तर मी तासन्‌तास मधल्या दोन-तीन गिअरमध्येच चालवतो. पाणी आपल्या वजनाने हळूहळू वाहत राहावे म्हणून कालव्याला अगदी बेताचा उतार दिलेला असतो आणि कडेच्या वाटेला तोच उतार मिळतो. दुसऱ्या कशासाठी तरी आखलेल्या अशा वाटांवर ही सायकल सर्वांत चांगली चालते, हे माझ्या ध्यानात येऊ लागले ते इथे. त्याची खात्री पटली ती फेनबानवर, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या जुन्या रेल्वेमार्गावर.

माझी मुलगी आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात शिकते, आणि तिच्याकडे गेलो असताना फेनबान पाहायचीच असे मी ठरवले होते. १८८५ ते १८८९ या काळात प्रशियाने टप्प्याटप्प्याने सुरू केलेल्या या रेल्वेमार्गाचे रूळ बहुतेक ठिकाणी काढून तिथे सायकलमार्ग केलेला आहे. तो आखेनपासून बेल्जियममधून लक्झेंबर्गच्या उत्तर टोकाला असलेल्या त्र्वाव्हिएर्जपर्यंत सुमारे १२५ किलोमीटर जातो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, त्यामुळे रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, आणि रूळ गेले तरी तो सौम्य चढ वाटेत शिल्लक राहिला आहे. शेकडा दोनच्या आसपासचा तो चढ आखेन सोडल्यापासून इतक्या सारखेपणाने चढत जातो की तासाभरात माझ्या पायांनी एकदाही गिअर मागितला नाही. या मार्गाची आणखी एक गोष्ट रेल्वेची आवड असणाऱ्याला थांबवून ठेवते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने हा मार्ग बेल्जियमला मिळाला, त्यामुळे रुळांखालची चिंचोळी पट्टी आजही बेल्जियमची आहे आणि तिच्या पलीकडे जर्मनीचे काही तुकडे तुटून पडले आहेत. रोएटगेनच्या परिसरात मी बेल्जियममधून सायकल चालवत होतो आणि दोन्ही बाजूंची घरे जर्मनीत होती.

समीक्षक म्हणून प्रामाणिकपणे सांगायचे तर फेनबानसाठी ग्रॅव्हल सायकलीची गरज नाही, कारण तो मार्ग बहुतांशी डांबरी आहे आणि साध्या सायकलीवर आजी-आजोबाही तिथे फिरतात. ग्रॅव्हल सायकल उपयोगी पडते ती त्या मार्गावरून होहेस फेनच्या दलदलीच्या पठाराकडे वळल्यावर. बेल्जियमचे सर्वोच्च ठिकाण, ६९४ मीटर उंचीचे बोट्रांज, याच पठारावर आहे. अशा पठाराला ‘मूर’ म्हणतात. त्या शब्दासाठी आपण माळरान म्हणतो, पण माळरान कोरडे असते आणि हे पठार पाण्याने फुगलेले असते. सतत ओल आणि आम्लता यांमुळे शेवाळ नीट कुजत नाही, त्याचे थर साठून पीट बनते आणि त्यावर पाय ठेवला की जमीन लवते. म्हणून दलदलीवर लाकडी फळ्यांच्या वाटा घातलेल्या आहेत आणि त्या केवळ पायी जाणाऱ्यांसाठी आहेत. सायकलीने कडेच्या जंगलातले खडीचे, आखून दिलेले रस्तेच धरायचे असतात. कोरड्या दिवसांत वणव्याचा धोका वाढला की लाल झेंडे लागतात आणि तो भाग सर्वांसाठीच बंद होतो. हे नियम मला मनापासून पटले. त्या खडीच्या रस्त्यांवर मात्र सायकल अप्रतिम चालली. तिथली खडी दाबून बसवलेली असते, काटे नसतात, आणि पाणी कडेच्या चरांतून निघून जाते. पठारावर चढणारे काही जंगलरस्ते रेल्वेच्या हिशेबाने आखलेले नव्हते, आणि नागपुरात निरर्थक वाटलेला तो हलका गिअर अखेर तिथे कामी आला.

परतल्यावर मी मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन आलो. ७६२ मिलिमीटरच्या रुळांवरची ती छोटी इंजिने पाहताना छिंदवाड्याची २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये बंद झालेली गाडी आठवली. दोन्ही मार्ग ब्रॉडगेजसाठी घेतले गेले, आणि गाडी चालणार असेल तर त्यापेक्षा चांगले काही नाही. रेल्वेच्या हद्दीत सायकल नेणे गुन्हा आहे, त्यामुळे उमरेडच्या बाजूला मी शेजारच्या रस्त्यानेच जातो.

सध्या सायकल भिंतीला टांगलेली आहे. पावसाळ्यात ती कालव्याच्या मुरमावर, उघडीप असेल त्या दिवशीच निघते. पांदणी दिवाळीच्या सुमारास वाळतात, आणि तेव्हा वेचणी सुरू असते. समोरून कापसाची बंडी आली की उतरून सायकल धुऱ्यावर घ्यायची, बैल पुढे जाईपर्यंत थांबायचे. जूनमध्ये होहेस फेनच्या दलदलीत पांढऱ्या बोंडांचे कापूसगवत वाऱ्यावर हलत होते, तेव्हा मुलीला मी याच बंड्यांविषयी सांगत होतो.