टोकन देणारं तक्रार अ‍ॅप, चार महिने वापरून झालं

5 पैकी 3 स्टार देतोय आणि मनापासून देतोय, कारण आमच्या गल्लीतली तुंबलेली गटार या अ‍ॅपमुळेच मोकळी झाली.

गाव आमचं यावल-रावेरकडचं, केळीपट्ट्यातलं. केळीच्या गाड्या गावातूनच जातात, रस्त्याची पार वाट लागते. अ‍ॅपचं काम सोपंय, खड्डा, गटार, बंद लाईट काहीपण दिसलं की फोटो टाकायचा, लोकेशन आपोआप जातं, आणि काम झाल्यावर शेजारच्या तिघांनी 'झालं' म्हटलं की टोकन, म्हणजे विकता येणारं डिजिटल नाणं, मिळतं. फोटो ब्लॉकचेनवर (बऱ्याच कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवलेली नोंदवही) जात नाही बरं का, त्याचा फक्त डिजिटल ठसा (फोटोवरून काढलेला छोटा कोड) आणि तारीख-वेळ तिथं बसते, त्यामुळे नंतर कोणी गुपचूप तारीख बदलू शकत नाही. मला हेच सगळ्यात आवडलं. आधी कागदावर अर्ज द्यायचो आणि महिन्यानी गेलो की 'असा अर्जच आला नाही'.

पण खड्डा खरंच बुजला का हे ब्लॉकचेनला कसं कळणार? त्यात जे टाकलं ते पक्कं राहतं, खोटं टाकलं तर खोटंपण पक्कं. सुरुवातीला नुसत्या तक्रारीवर टोकन होतं तेव्हा पोरांनी एकाच गटारीचे दहा बाजूंनी फोटो टाकले, काहींनी आपसातच 'झालं' करून टोकन घेतलं. शेजारचे आबा तेव्हाच म्हटलेले, "फोटो काढीसन खड्डा बुजी जाई का रे भाऊ?" आता साक्षीदार अ‍ॅपच निवडतं, चिठ्ठी काढल्यासारखं, त्यानी खूप फरक पडला. गटारीचं तेव्हा जमलं, रविवारी आम्ही सहा जणांनी फावडी-घमेली घेऊन गाळ काढला आणि टोकन वाटून घेतले.

वॉलेटचा, म्हणजे टोकन ठेवायच्या डिजिटल पाकिटाचा भाग मात्र अवघड. त्याच्या किल्लीसारखे 12 शब्द जपून ठेवायचे, ते हरवले की टोकन गेले, आणि ते येतात इंग्रजीत. आईचे मी वहीत लिहून कपाटात ठेवलेत. शिवाय टोकन विकून नफा झाला तर एप्रिल 2022 पासून अशा डिजिटल मालमत्तेवर सरळ 30 टक्के कर आहे. त्यापेक्षा घरपट्टीत वळतं करा ना, लोकांना ते लगेच कळतं. ब्रिटनमध्ये फिक्समायस्ट्रीट ही अशीच तक्रारीची वेबसाइट 2007 पासून चालतेय, तिथं एक पैसा बक्षीस नाही, तक्रार कुठं अडलीय ते सगळ्यांना दिसतं एवढंच, तरी लोक टाकतात.

आता राहिलं ते टाकीजवळच्या फुटलेल्या पाईपलाईनचं. 47 दिवस झाले, त्या कामाचं टोकन वाढत चाललंय पण ते फावड्याचं काम नाही, फिटर लागतो, आणि त्याला टोकनशी काही देणंघेणं नाही. ठेकेदाराचं बिल या तिघांच्या साक्षीला जोडा, 'झालं' आल्याशिवाय बिल पास नको. तेवढं केलं तर चौथा स्टार त्याच दिवशी टाकतो.