लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईने घेतलेला पिम्सलरचा जर्मन कोर्स

आधी निकाल सांगते, मग कारणं. जर्मनीत दोन-तीन महिने राहायला जाणार असाल, परीक्षा द्यायची नसेल आणि इंग्रजी बऱ्यापैकी समजत असेल, तर पिम्सलर नावाच्या, ऐकून-बोलून भाषा शिकवणाऱ्या कोर्सची जर्मनची पहिली पातळी घ्या. तुम्ही बोलाल. थोडं बोलाल, तेच तेच बोलाल, पण समोरच्याला कळेल असं बोलाल. लोकांचं बोलणं समजायला मात्र या कोर्सवर विसंबू नका. ते दुखणं वेगळं आहे, त्यावर पुढे येते.

मी साताऱ्याची. हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झाले. लेक-जावई श्टुटगार्टला, बाड कान्श्टाट भागात राहतात. लेकीचं बाळंतपण तिकडेच व्हायचं होतं. पाहुण्यांच्या व्हिसाला जर्मनची अट नसते, त्यामुळे "आई, कशाला डोक्याला ताप करून घेतेस, मी आहे ना," असं लेकीचं म्हणणं. अगं, पण तू बाळंतीण असणार आणि जावई ऑफिसला. दुकानात, औषधाला, जिन्यात कोणी भेटलं तर बोलणार कोण?

आधी इथे एका क्लासमध्ये नाव घातलं होतं. पहिल्याच आठवड्यात डेअर-डी-डासचा, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे त्याआधी लागणाऱ्या शब्दांचा, तक्ता पाठ करायला दिला. तक्ते मी आयुष्यभर इतरांना पाठ करायला लावले, त्यामुळे तक्रार करायचा मला हक्क नाही. पण पाण्याचा ग्लास मागता येईना आणि चतुर्थी विभक्ती तेवढी यायला लागली, तेव्हा क्लास सोडला. ज्यांना ए-वन, म्हणजे जर्मनची अगदी पहिली परीक्षा द्यायची आहे त्यांना तो रस्ता चुकत नाही. त्या परीक्षेसाठी गोएथे इन्स्टिट्यूटची शब्दांची यादीच साधारण ६५० शब्दांची आहे आणि लिहावंही लागतं. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी तिकडे मनुष्यबळ पाठवायचा करार केला, तेव्हापासून तर आमच्या ओळखीतली निम्मी पोरं जर्मनच्या मागे आहेत. त्यांनी माझं ऐकू नये. माझं काम वेगळं होतं.

पिम्सलरचा सगळा खेळ कानावर चालतो. एका पातळीत तीस धडे, एकेक धडा अर्ध्या तासाचा, दिवसाला एकच करा अशी सूचना. निवेदक इंग्रजीत विचारतो, "अमुक कसं म्हणाल?" मग थोडी शांतता. त्या शांततेत तुम्ही मोठ्याने बोलायचं. नंतर जर्मन माणूस बरोबर उत्तर म्हणतो. लांब शब्द आला की तो शेपटीकडून शिकवतात. 'एन्टशुल्डिगुंग', म्हणजे माफ करा, हा शब्द आधी नुसता 'गुंग', मग 'डिगुंग', मग 'शुल्डिगुंग' असा चढत जातो. ऐकायला वेडगळ वाटतं. पण शब्दाचा शेवट जिभेवर आधीच बसलेला असल्यामुळे मध्ये अडखळायला होत नाही. वर्गात उगाच शेवटचं अक्षर गिळणाऱ्या पोरांवर हा प्रयोग करायला हवा होता, असं राहून राहून वाटलं.

पॉल पिम्सलर हे अमेरिकेतले भाषा शिकवण्याच्या शास्त्राचे अभ्यासक, १९७६ मध्ये गेले. १९६७ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला होता: नवा शब्द विसरायच्या बेतात असताना परत विचारला, तर तो दर वेळी आणखी जास्त काळ टिकतो. किती वेळाने विचारायचा, याचं वेळापत्रकही दिलं. पाच सेकंद, पंचवीस सेकंद, दोन मिनिटं, दहा मिनिटं, एक तास, पाच तास, एक दिवस, पाच दिवस, पंचवीस दिवस, चार महिने, दोन वर्षं. माझ्यातल्या गणिताच्या बाईने लगेच कागद ओढला. हे पाचाचे घात आहेत! पाचाचा तिसरा घात १२५ सेकंद, म्हणजे दोन मिनिटं. पाचवा ३१२५, म्हणजे तासाला थोडं कमी. दहावा काढा, साधारण ११३ दिवस येतात, तेच चार महिने. पुढे जरा ढोबळ केलंय, पण हाड भूमितीश्रेणीचंच. कोर्समध्ये सेकंद मोजून कोणी बसत नाही, हे उघड आहे. तरी चौथ्या धड्यातला शब्द सातव्यात अचानक कुठून तरी डोकं वर काढतो, तेव्हा ते उगाच नाही हे माहीत असलं की राग येत नाही.

आता शब्द थोडे असण्याबद्दल. पहिली पातळी संपली तरी फळांची नावं, प्राण्यांची नावं, घरातल्या वस्तू यांतलं जवळजवळ काही येत नाही. लोक इथेच नाक मुरडतात. मला उलट हेच आवडलं, कारण जे देतात ते सांधे देतात. मला हवंय, मला येतं, मला करावं लागेल, तुमच्याकडे आहे का, कुठे, किती, आत्ता, नंतर, इथे, तिथे. 'इश म्योश्टे' म्हणजे मला हवंय. त्यापुढे नाव येत नसलं तर बोट दाखवायचं. बेकरीत माझा पहिला पंधरवडा बोटावर निघाला. 'इश म्योश्टे' आणि बोट, 'त्स्वाय' म्हणजे दोन, 'डांके' म्हणजे धन्यवाद. वस्तूचं नाव बाई स्वतःच उच्चारून पिशवीत घालते, दुसऱ्या दिवशी ते आपलं झालेलं असतं. नामं गाव शिकवतं. क्रियापदं कोणी बोटाने दाखवू शकत नाही, ती घरून नेलेली बरी.

याचा कस लागला तो हळिवाच्या वेळी. डिंक मी साताऱ्याहून नेला होता, हळीव राहिले. बाळंतिणीला हळिवाचे लाडू नाहीत म्हणजे काय! तिकडे रेफॉर्महाउस नावाची दुकानं असतात, आरोग्याचं खाणं, काढे, धान्यं वगैरे. तिथे गेले. हळिवाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला माहीत नाही, 'बी' हा शब्दही नाही. होतं काय, तर मला हवंय, खायला, लहान, खूप लहान, नाही, पाणी, माझी मुलगी, आणि 'बेबी', जे तिकडेही बेबीच. म्हटलं, माझ्या मुलीला बाळ झालंय. मला काहीतरी लहान हवंय. खायला. बाईने जवसाचं पाकीट काढलं. मी म्हटलं, नाही, लहान. मग चिया काढलं. आता आकार जवळ आला होता. मी ते हातात घेतलं आणि म्हटलं, हे नाही, पण पाण्यात असंच. हाताने फुगल्याची खूण केली. बाई थांबली, आत गेली आणि मोड आणून खायच्या बियांच्या कप्प्यातून 'क्रेसे' लिहिलेलं पाकीट घेऊन आली. लालसर तपकिरी, टोकदार. हळीव! जर्मन लोक त्याचे कोंब काढून ब्रेडवर घालून खातात. (बागेसाठी विकतात ते बियाणं घेऊ नका, त्याला औषध लावलेलं असू शकतं. खायचं वेगळं मिळतं.)

फोनवर भाषांतर करता आलं नसतं का? आलं असतं. पाकिटावरचं वाचायला मी फोनच वापरायची, आणि तिथे तो पिम्सलरपेक्षा शंभर पटीने बरा. पण एका हातात पिशवी, दुसऱ्यात बाबागाडी, आणि समोरचा माणूस तोंडाकडे बघत असताना फोन मध्ये धरला की त्याचं बोलणं आटतं. तोडकंमोडकं का होईना, तोंडाने बोललं की तो मदतीला येतो.

कोर्सची मोठी उणीव म्हणजे तो इंग्रजीतून शिकवतो. मराठी माणसाचा यात फुकट तोटा आहे. जर्मनमध्ये पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात, म्हणजे एकक आधी, दशक मागून. इंग्रजी बोलणाऱ्याला हे उलटं वाटतं. आपल्याला त्यात उलटं काय? पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, आपलंही एकक पुढेच. (एकोणतीस, एकोणचाळीस ही भानगड तेवढी त्यांच्यात नाही.) 'मला पाणी प्यायचंय' हे 'इश म्योश्टे वासर ट्रिंकन' होतं, क्रियापद शेवटी, आपल्याच जागी. आपल्याकडे तो-ती-ते आहेच, आणि बाळ दोन्हीकडे नपुंसकलिंगी. सगळी लिंगं जुळत नाहीत, त्यांचा सूर्य बाई आहे. पण नामाला लिंग असतं, तीन असतात आणि ती कानाने लक्षात ठेवायची, हे आपल्याला नव्याने पटवून द्यावं लागत नाही. उच्चारात तर मजाच. जर्मन दहा म्हणजे 'त्सेन', त्यातला पहिला आवाज आपल्या चाकूतला 'च'. 'झी' म्हणजे तुम्ही, तो झाडातला 'झ'. हे दोन आवाज जमवायला मला काहीच करावं लागलं नाही. घाम फुटला तो 'ऊ'चा ओठ करून 'ई' म्हणायला. हे सगळं मराठीतून शिकवणारा असाच कानाचा कोर्स कोणी काढला, तर मी दुप्पट पैसे देईन.

कोर्समधली माणसंही जरा एका साच्यातली. पहिल्या धड्यात कोणीतरी कोणाला तरी इंग्रजी समजतं का विचारतं, पुढे खाणंपिणं, भेटायची वेळ, रस्ता विचारणं. कामासाठी फिरणारा अमेरिकन पुरुष डोळ्यासमोर ठेवून केलंय हे लगेच कळतं. जचकीचं खोलीभर सामान मांडून बसलेली सासू त्यांच्या हिशेबात नाही. पण आदरार्थी 'झी' पहिल्यापासून जिभेवर बसवतात, ते उत्तम. अनोळखी माणसाला 'तुम्ही' म्हणायचं आपल्याला वळणच आहे, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना ते लागतंच.

आणि आता ते दुखणं. प्रश्न विचारता येतो. उत्तर येतं ते तुमच्या शब्दांत थोडंच येणार? त्यात श्टुटगार्ट म्हणजे श्वाबन लोकांचा मुलूख, त्यांची बोली वेगळी. कोर्समध्ये शिकलेलं 'बिसशेन', म्हणजे थोडंसं, तिथे 'बिसले' होतं. 'इस्ट'चं 'इश' होतं, आणि 'इश' म्हणजे तर मी! गुटन टाग म्हणत जिन्यात गेले तर शेजारच्या आजी 'ग्र्यूस गॉट' म्हणाल्या, तो तिकडचा नमस्कार. घड्याळाचीही गंमत आहे. कोर्समध्ये 'आख्ट ऊअर', म्हणजे सरळ आठ वाजता. तिकडचे लोक पावणेतीनला 'पाऊण तीन' म्हणतात आणि सव्वादोनला 'पाव तीन', म्हणजे तिसऱ्या तासाचा पाव झाला. अडीच म्हणजे 'अर्धा तीन'. पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीला हे दोन मिनिटांत उमगतं, पण आधी कोणी सांगायला तर हवं.

त्या आजींनीच मला केअरवोखं समजावलं. जिना झाडायची पाळी आठवड्या-आठवड्याने घराघरात फिरते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. एका सकाळी आमच्या दाराला ती पाटी. आजी भराभर बोलल्या, माझ्या पदरात 'तुम्ही', 'आज', 'नाही' आणि 'बेबी' एवढंच पडलं. मला वाटलं, बाळ आहे म्हणून आज झाडू नका म्हणतायत. मी म्हटलं, "इश कान, इश कान," मला येतं. लेकीने शिकवलेले दोन शब्दही वापरले, 'लांगसाम, बिटे', हळू बोला. मग त्या हळू बोलल्या. माझा अंदाज बरोबर होता, तरी मी झाडलाच जिना. दुसऱ्या दिवसापासून वाक्याच्या शेवटी आपल्या 'नाही का'सारखं 'गेल?' लावायचं त्यांनी मला शिकवलं. ते कुठल्याच धड्यात नव्हतं, आणि सगळ्यात जास्त वापरलं मी तेच.

म्हणून माझा सल्ला: कोर्सबरोबर ऐकायची वेगळी सोय करा. लेकीच्या घरी जाणार असाल तर तिला रोज पाच मिनिटं जर्मनमध्ये उत्तरं द्यायला सांगा, जावयांनाही सोडू नका. आमचे जावई लाजत होते, नंतर त्यांनाच चेव आला.

पैशांचं म्हणाल तर ॲपची वर्गणी महिन्याची असते, स्वस्त नाही. एक धडा फुकट ऐकायला मिळतो, तो ऐकून ठरवा. एकटं बसून भिंतीशी मोठ्याने बोलायची लाज वाटत असेल तर पैसे घालू नका, कारण मनातल्या मनात म्हटलेलं इथे उपयोगाचं नाही. मी धडा करायची पहाटे, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर चालताना. फिरायला येणारे ओळखीचे लोक आधी चपापले, नंतर सवयीने 'गुटन मॉर्गन' म्हणू लागले. ऐंशी टक्के जमलं की पुढच्या धड्यावर जा असं तेच सांगतात. ते ऐका. मी शंभर टक्क्यांच्या हट्टाने सहावा धडा गिरवत बसले असते तर विमान चुकलं असतं.

दुसऱ्या पातळीचे धडे उतरवून ठेवलेत. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला जायचंय, त्याच्या तीन महिने आधी सुरू करीन. तोवर दर रविवारी पहिल्या पातळीचा एखादा जुना धडा.