दोन पोर्टचा सर्व्हर: लिनक्स बाँडिंगचा कोणता मोड निवडावा?

सर्व्हरचे एक गिगाबिटचे दोन पोर्ट एकत्र बांधण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: बाँडिंगमुळे, म्हणजे अनेक पोर्ट एक म्हणून वापरल्याने, एकूण क्षमता वाढते, एकाच जोडणीचा (दोन यंत्रांमधल्या एका संवादाचा) वेग सहसा वाढत नाही. एकच मोठी फाइल कॉपी करताना वेग सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास राहिला, तर काही बिघडले आहे असे समजू नये.

एका जोडणीलाही दोन्ही तारा वापरू देणारा मोड म्हणजे बॅलन्स-आरआर. तो पॅकेट आळीपाळीने पाठवतो. पण ती मागेपुढे पोहोचली की काही हरवले असे समजून टीसीपी (डेटा क्रमाने पोहोचवणारा प्रोटोकॉल) ती पुन्हा पाठवतो, आणि कमावलेला वेग तिथेच खर्ची पडतो. दोन यंत्रे थेट केबलींनी जोडलेली असतील तरच मी त्याचा विचार करेन.

स्विचवर एलएसीपी (सर्व्हर आणि स्विच यांनी पोर्ट एकत्र बांधण्याबाबत आपसात बोलण्याचा प्रोटोकॉल) उपलब्ध असेल, तर माझी पसंती निःसंशय ८०२.३एडी, म्हणजे मोड ४ ला आहे. तो प्रत्येक जोडणी एकाच तारेवर ठेवत असल्याने क्रम बिघडत नाही. मात्र कोणती जोडणी कोणत्या तारेवर जाईल हे ठरवणारी त्याची मूळ हॅश पद्धत, लेयर२, मॅक पत्त्यांवर (नेटवर्क पोर्टच्या हार्डवेअर पत्त्यांवर) चालते. सगळे ग्राहक राउटरपलीकडचे असतील, तर सर्व्हरला समोर फक्त राउटरचाच मॅक दिसतो आणि सगळी रहदारी एकाच पोर्टवरून जाते. आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक विचारात घेणारी लेयर३+४ पद्धत निवडली की ही अडचण सुटते. येणारी रहदारी मात्र स्विच स्वतःच्या हॅशप्रमाणे वाटतो, त्यामुळे तिथली मांडणीही तपासावी. बाँडच्या स्थितीत पार्टनर मॅक, म्हणजे समोरच्या स्विचचा पत्ता, सगळा शून्यांचा दिसला, तर स्विचवर एलएसीपी चालूच झालेले नाही.

एलएसीपी नसलेला साधा स्विच असेल, तर बॅलन्स-एएलबी हा चांगला पर्याय आहे. तो एआरपीच्या (आयपी पत्त्यावरून मॅक विचारणाऱ्या प्रोटोकॉलच्या) उत्तरांत वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळे मॅक देऊन येणारी रहदारीही विभागतो. पण हे फक्त आयपीव्ही४ पुरते, आणि राउटरमार्गे येणारी रहदारी एकाच पोर्टवर पडते.

बाँडिंगला पर्याय असलेला टीम ड्रायव्हर नव्या मांडणीत घेऊ नये. रेड हॅटने आपल्या आरएचईएल या लिनक्स प्रणालीच्या ९ व्या आवृत्तीपासून तो मोडीत काढायला घेतला.

बाँडची एमआयआयमॉन (miimon) ही मांडणी १०० ठेवल्यास दर १०० मिलिसेकंदांनी तार तपासली जाते, पण फक्त जवळच्या टोकापर्यंत. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (एका प्रकारची तार दुसऱ्या प्रकारच्या तारेला जोडणारे उपकरण) असेल आणि पलीकडची तार तुटली, तर एलएसीपीच्या मंद गतीत ते कळायला ९० सेकंद लागू शकतात, जलद गतीत ३.