स्टिक, बॉक्स की डिस्क प्लेयर? आणि साउंडबार की रिसीव्हर?

होम थिएटर करायचंय, काय घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, बघता काय आणि ते येतं कुठून? कारण बहुतेक जण स्पीकरच्या वॅटपासून सुरुवात करतात, प्लेयरचं काय, तो टीव्हीतच आहे की, असं म्हणतात, आणि सगळं घरी येऊन जोडून झाल्यावर कळतं की हवा तो आवाज टीव्हीपासून स्पीकरकडे जाणाऱ्या त्या एका वायरीतून बाहेर यायलाच तयार नाही. प्लेयर, टीव्ही आणि आवाजाची यंत्रणा (टीव्हीखालचा लांबट साउंडबार, किंवा सुट्या स्पीकरना आवाज वाटणारा रिसीव्हर) या तिघांचं आपापसात पटलं पाहिजे, एकेक सुटं कितीही भारी असू दे.

आधी प्लेयर. तुमचं सगळं बघणं ओटीटीवरच असेल तर टीव्हीतली अ‍ॅप्स पहिली दोनतीन वर्षं मस्त चालतात, मग अपडेट यायचे थांबतात, प्रोसेसर दमतो, आणि अ‍ॅप उघडेपर्यंत आपण रिमोट हातात घेऊन गोल फिरणारं चक्र बघत बसतो. पॅनल मात्र ठणठणीत असतं, म्हणून टीव्ही बदलायची गरज नाही, त्याच्या एचडीएमआय पोर्टला एक स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम झालं. फक्त स्टिकला टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून पॉवर देऊ नका, सोबत आलेला अ‍ॅडॅप्टर वापरा, तो पोर्ट बऱ्याचदा पुरेसा करंट देत नाही आणि मग स्टिक मधेच रीस्टार्ट होते. स्टिक आणि बॉक्स यात चित्राचा फरक फार नाही, बॉक्समध्ये स्टोरेज जास्त असतं, बऱ्याच बॉक्सला लॅन पोर्ट (नेटची वायर लावायचा) असतो आणि तापायचा त्रास कमी. अ‍ॅपल टीव्ही फोरके मला वापरायला सगळ्यात सुखाचा वाटतो, पटकन उघडतो आणि होम स्क्रीनवर जाहिरातींची गर्दी नाही.

पण तुमच्याकडे स्वतःच्या फाइल्स असतील, म्हणजे ब्ल्यू-रे डिस्क रिप (कॉपी) करून हार्ड डिस्कवर किंवा नॅसवर, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर, ठेवलेल्या, तर खेळ बदलतो. तिथे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे डिस्कवरचे आवाजाचे फॉरमॅट जसेच्या तसे रिसीव्हरकडे पाठवणारा प्लेयर लागतो, याला पासथ्रू म्हणतात, आणि साध्या स्टिक इथे गडबडतात. एन्व्हिडियाचा शील्ड टीव्ही प्रो २०१९ चा आहे तरी लोक अजून शोधून घेतात ते याचसाठी. त्याच्यात एचडीआर१०प्लस हा चित्राचा फॉरमॅट नाही, एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचं हार्डवेअर डीकोडिंग नाही, म्हणजे वय दिसतंच, पण पासथ्रूला तोड नाही.

एक मजेशीर भानगड सांगतो, टीव्हीचा लॅन पोर्ट. महागड्या टीव्हीवरसुद्धा तो बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचाच असतो. फोरके डिस्कची फाइल एखाद्या धुमश्चक्रीच्या सीनला त्याच्या वर उडी मारते आणि नेमकं तिथेच चित्र अडकतं, मग माणूस राउटरला शिव्या देतो. अशा वेळी वायर काढून चांगल्या ५ गिगाहर्ट्झ वायफायवर तीच फाइल गपगुमान चालते. ओटीटीला हा प्रश्न येत नाही, कारण फोरके स्ट्रीम साधारण १५ ते २५ एमबीपीएसमध्ये भागतो.

आणि हाच आकडा डिस्कशी ताडून बघा. अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेची मर्यादा १०० एमबीपीएसच्याही पुढे जाते. हा फरक दिवसाढवळ्याच्या सीनमध्ये शोधून सापडणार नाही, अंधारात सापडतो, धुक्यात, पाण्याखाली, काळ्या भिंतीवर हळूहळू विरत जाणाऱ्या उजेडात, जिथे स्ट्रीममध्ये पट्टे पट्टे दिसतात. आवाजाचंही तेच. डॉल्बीचा अ‍ॅटमॉस म्हणजे बाजूंबरोबर वरूनही येतोय असं वाटणारा आवाज. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस सहसा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बसवलेला असतो, म्हणजे दाबलेला, डिस्कवर तो ट्रूएचडीमध्ये येतो, काहीही न गाळता. आता प्रामाणिकपणे सांगतो, साउंडबारवर हा आवाजाचा फरक कळणं अवघड आहे. मोठे स्पीकर, चांगला सब (बासचा वेगळा स्पीकर) आणि शांत खोली असेल तर कळतो. म्हणून साउंडबार घेणाऱ्याने निव्वळ आवाजासाठी डिस्क प्लेयरच्या नादी लागू नये.

डिस्क प्लेयर घ्यायचाच असेल तर पर्याय आटत चाललेत हे लक्षात ठेवा. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेयर बनवणं बंद केलं, सॅमसंगने २०१९ मध्ये नवीन मॉडेल काढायचं थांबवलं, आता नावं घ्यायची तर मुख्यतः सोनी आणि पॅनासॉनिक. पॅनासॉनिक यूबी८२० ची मला आवडलेली गोष्ट म्हणजे दोन एचडीएमआय आउटपुट, एक थेट टीव्हीला चित्रासाठी, दुसरं रिसीव्हरला आवाजासाठी. तुमचा जुना रिसीव्हर फोरके पुढे पाठवत नसेल तरी तो भंगारात काढायची गरज उरत नाही, सोनी एक्स७०० मध्येही अशी सोय आहे.

प्लेयर कुठलाही घ्या, त्यात फ्रेम रेट मॅच करायचं सेटिंग आहे का ते बघा आणि चालू करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा, स्क्रीन ६० हर्ट्झची, मग एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा असं दाखवून हिशोब जुळवतात, आणि कॅमेरा सावकाश बाजूला सरकला की चित्र गचके खात चालतं. एकदा दिसलं की मग दिसतच राहतं, माफ करा, आता तुम्हालाही दिसेल.

आता ती वायर. माझंच उदाहरण देतो. रिसीव्हर आणला, पाच स्पीकर लावले, सब लावला, वायरी पट्टीत घालून भिंतीच्या कडेने फिरवल्या, आणि जवळजवळ आठ महिने मी स्टिरिओ ऐकत होतो. मागचे स्पीकर वाजत होते म्हणून शंका आली नाही. एक दिवस धूळ पुसताना रिसीव्हरच्या डिस्प्लेवर नजर गेली तर तिथे डॉल्बी वगैरे काही नाही, नुसतं पीसीएम, म्हणजे टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज, आणि खाली ऑल चॅनल स्टिरिओ. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर होतं, साध्या आर्कवरून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून उलटा बाहेर पाठवायची सोय) त्यात डावा आणि उजवा असे दोनच चॅनल जातात, आणि रिसीव्हर बिचारा तेच दोन चॅनल पाचही स्पीकरना वाटत होता. ते बिटस्ट्रीम केलं, म्हणजे आवाज न उलगडता तसाच पुढे जाऊ दिला, पंधरा सेकंदांचं काम. त्या रात्री पहिल्यांदा पाऊस मागून आला.

म्हणून हे समजून घ्या. ऑप्टिकल वायरीतून स्टिरिओ पीसीएम किंवा जुनं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस ५.१ (पाच स्पीकर आणि एक सब) जातं, त्यापुढे काही नाही. एचडीएमआय आर्कमधून डॉल्बी डिजिटल प्लस जातं, म्हणजे ओटीटीचा अ‍ॅटमॉस जमतो, पण ट्रूएचडी नाही. ई-आर्क, जो एचडीएमआय २.१ सोबत आला, त्यातून सगळं जातं. शिवाय काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, भले वायर कुठलीही लावा. यावर साधा उतारा म्हणजे प्लेयर आधी रिसीव्हरला जोडायचा आणि तिथून चित्र टीव्हीला, मग टीव्हीचे नखरे आवाजाच्या वाटेत येतच नाहीत. साउंडबारला हे करता येतं का? त्याला एचडीएमआय इनपुट असेल तर हो. बऱ्याच स्वस्त बारना ते नसतं, एकच सॉकेट असतो, म्हणून विकत घेताना मागची बाजू बघा, पुढची चकाचक जाळी नाही.

साउंडबार विरुद्ध रिसीव्हर यावर भांडणं बघितली की गंमत वाटते, दोघांचे गिऱ्हाईकच वेगळे. भाड्याचं घर, छोटी खोली, वायरी दिसल्या की घरातल्यांचा पारा चढतो, तर साउंडबार घ्या आणि सुखी राहा. पण मधला डायलॉगचा स्पीकर वेगळा असलेला घ्या, म्हणजे ३.१ किंवा वरचा, नुसता २.१ नको, कारण लोकांची खरी तक्रार स्फोट कमी वाजतात ही नसते, बोललेलं कळत नाही ही असते. वर आवाज फेकणारे अ‍ॅटमॉसचे बार छत सपाट आणि बेताच्या उंचीचं असेल तरच चालतात, उतरतं छत असेल तर त्या पैशात चांगला सब येतो. आणि वायरलेस मागचे स्पीकर म्हणजे सिग्नल वायरलेस, प्लग बहुतेकदा लागतोच, हे खोक्यावर बारीक अक्षरात असतं. बारचा मोठा तोटा वेगळाच आहे, आतला बोर्ड गेला की सगळंच गेलं.

रिसीव्हरचं उलट. डोकेदुखी सुरुवातीला, वायरी, जागा, मेनूंचं जंगल, पण नंतर एकेक वस्तू बदलता येते. एचडीएमआयचं नवीन व्हर्जन आलं की रिसीव्हर जुना होतो, चांगले पॅसिव्ह स्पीकर (ज्यांच्यात स्वतःचा अ‍ॅम्प नसतो) मात्र वीस वर्षं आरामात काढतात. म्हणून माझं मत, पैसे कमी पडत असतील तर रिसीव्हर साधा घ्या आणि स्पीकरवर खर्च करा. सात छोटे डबे घेण्यापेक्षा तीन बरे स्पीकर आणि एक सब, मागचे दोन पुढच्या वर्षी. मधल्या स्पीकरवर कंजुषी करू नका, तो कपाटाच्या आत ढकलू नका, फळीच्या कडेपर्यंत पुढे आणा आणि खाली असेल तर पुढून थोडा उचलून तोंड कानाकडे करा, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा महाग वायरीने कधीच पडत नाही. एकटेदुकटे बघणारे असाल आणि गाणीही ऐकत असाल तर तिसरा रस्ता आहे, दोन उत्तम बुकशेल्फ (छोटे, फळीवर मावणारे) स्पीकर आणि एचडीएमआय आर्क असलेला स्टिरिओ अ‍ॅम्प. मधोमध बसलं की डायलॉग पडद्यातूनच येतो, बाजूला बसलेल्याला मात्र नाही.

वॅटचं एकदाच सांगतो. पॉवर दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. म्हणजे ८७ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच पॉवरला जास्त जोरात वाजणारा) स्पीकर घेतला तर अ‍ॅम्प दुप्पट केल्यासारखंच झालं. खोक्यावरचे हजार वॅट कितीदा तरी एकाच चॅनलवर, भरपूर डिस्टॉर्शन धरून मोजलेले असतात. सगळे चॅनल एकदम चालू असताना किती, तो आकडा शोधा.

जोडून झालं की रिसीव्हरचा माइक बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवून कॅलिब्रेशन करा, म्हणजे तो खोलीप्रमाणे आवाज जुळवून घेतो, त्या वेळी पंखा, एसी बंद. मग क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवून बघा, सुरुवातीला तिथून फार हलायची गरज नसते.

सबची जागा मात्र माइक सांगत नाही. त्यासाठी सब सोफ्यावर ठेवायचा, हो, जिथे आपण बसतो तिथे, त्याच्यावर एकसारख्या बासचं काहीतरी लावायचं आणि आपण खोलीभर गुडघ्यांवर रांगत फिरायचं. एका कोपऱ्यात नुसता घुमारा, दोन फुटांवर बास गायबच, आणि कुठेतरी एका जागी तो भरीव, घट्ट ऐकू येतो. तिथे सब. मी रांगत होतो तेव्हा घरातले दारात उभं राहून हसत होते, आणि ती जागा निघाली चपलांच्या रॅकच्या बाजूला, जिथे सब ठेवायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. रॅक हलवला.