रिकामा इनबॉक्स दाखवून माझे १६,७९९ रुपये नेले

थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅमला फोनवरची हेल्पलाइन नाही. तो फुकट मिळतो, त्याची मदत लेखी स्वरूपात त्यांच्याच संकेतस्थळावर असते, आणि फोन उचलून ‘बोला मॅडम’ म्हणणारा माणूस त्यांनी कुठेही बसवलेला नाही. एवढी एक गोष्ट मला गेल्या नोव्हेंबरात माहीत असती तर माझे पैसे वाचले असते, आणि माझ्या एका जुन्या, भल्या ग्राहकाचे पैसे चोराच्या खात्यात जाता जाता राहिले, ती वेळ आली नसती. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून माझ्या ओळखीतले कितीतरी जण जुना कॉम्प्युटर काढून नवा घेत आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची वर्षानुवर्षांची मेल जुन्या मशिनमध्येच आहे. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी जर्मनमधून तांत्रिक भाषांतरं करते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले आणि २००७ पासून कोथरूडच्या घरातूनच काम करते. मशिनची माहितीपुस्तकं, सुरक्षेच्या सूचना, चाकणच्या कारखान्यांत लागणारे कागद. या कामात मेल म्हणजे नुसता पत्रव्यवहार नसतो. एका सुट्या भागाला नेमकं काय म्हणायचं यावर तिकडच्या इंजिनिअरशी झालेली दहा-दहा मेल्सची चर्चा, ग्राहकाने मंजूर केलेली शब्दावली, ठरलेले दर, जुनी बिलं, सगळं तिथेच असतं. सुरुवातीला माझा मेलबॉक्स १०० एमबीचा होता. दोन मोठे आराखडे आले की भरायचा. म्हणून पॉप पद्धतीने मेल घरच्या मशिनवर उतरवून घ्यायची आणि सर्व्हरवरून पुसायची सवय लागली, ती पुढे जागा वाढली तरी सुटली नाही. म्हणजे अठरा वर्षांची मेल फक्त टेबलाखालच्या त्या डब्यात होती. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

जुन्या डेस्कटॉपमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे त्यावर विंडोज ११ चढत नव्हतं. दिवाळीनंतर लॅपटॉप घेतला. त्यावर थंडरबर्ड टाकलं, पत्ता आणि पासवर्ड दिला, आणि समोर फक्त गेल्या चौदा दिवसांच्या मेल्स आल्या. सर्व्हरवर चौदा दिवस मेल राहू द्यायची, असं मीच केव्हातरी ठरवून ठेवलं होतं. पण तेव्हा ते आठवलं नाही. पोटात गोळाच आला.

तरी मी लगेच कुणाला फोन केला नाही. मेल प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये असते एवढं वाचलं होतं. २०१४ मध्ये आधीच्या मशिनवरून मेल हलवली, तेव्हा यजमानांच्या ऑफिसातल्या एका मुलाने तोच फोल्डर उचलून आणल्याचं आठवत होतं. फोल्डर सापडला. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला, कॉपी सुरू केली, आणि इनबॉक्सच्या फाइलपाशी विंडोजने सांगितलं की फाइल फार मोठी आहे. फाइल होती ६ जीबीची. ३२ जीबीत ६ जीबी का मावत नाहीत ते मला कळेना. आज कळतं. त्या पेन ड्राइव्हची मांडणी फॅट३२ पद्धतीची होती, आणि तीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, बाकी जागा कितीही रिकामी असो. पेन ड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की काम झालं. माझ्या फाइलला काहीही झालेलं नव्हतं.

हे न कळल्यामुळे मी इंटरनेटवर मदत शोधली. सगळ्यात वर ‘थंडरबर्ड कस्टमर केअर’ आणि एक मोबाइल नंबर. वर बारीक अक्षरात जाहिरात असं लिहिलेलं असतं, ते मी पाहिलं नाही.

फोन उचलणारा अस्खलित मराठी बोलत होता. हे मुद्दाम सांगते, कारण असे फोन हिंदीतून येतात अशी माझी समजूत होती आणि तो मराठी बोलतो म्हणूनच मी निर्धास्त झाले. ‘मॅडम, पेन ड्राइव्हवर कॉपी होत नाही ना? मग फाइल करप्ट झालीय. आता परत प्रयत्न करू नका, आहे तेही जाईल.’ त्या शेवटच्या तीन शब्दांनी माझे हातपाय गळाले. त्यानंतर तो सांगेल ते मी करत गेले. लांबून कॉम्प्युटर चालवता येतो असं ॲप त्याने दोन्ही मशिनवर टाकायला लावलं, मी टाकलं. स्क्रीनवर आलेले आकडे वाचून दाखवायला सांगितले, मी वाचून दाखवले.

मग त्याने मला दोन गोष्टी दाखवल्या. या दोन्ही नीट वाचा, कारण पुढच्याला हेच दाखवतील.

पहिलं म्हणजे विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही. त्यात लाल खुणांची लांबच लांब यादी. ‘बघा ताई, किती एरर.’ तोपर्यंत मी मॅडमची ताई झाले होते. ही यादी कुठल्याही धडधाकट विंडोजवर उघडा, लाल आणि पिवळ्या खुणा दिसतातच. छोटीशी सेवा एकदा उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते. मी नंतर चार दिवसांच्या नव्या लॅपटॉपवर तीच यादी उघडली. तिथेही लाल खुणा होत्याच.

दुसरं जास्त भयंकर वाटलं. त्याने प्रोफाइलच्या फोल्डरमधली एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली. कंस, आकडे, अर्थहीन अक्षरं. ‘ही तुमची मेल. अशी झालीय.’ मला रडू आलं. ती फाइल होती ‘इनबॉक्स.एमएसएफ’. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरसाठी दोन फाइल्स ठेवतं. एकीचं नाव नुसतं ‘इनबॉक्स’, शेवटी काही नाही, आणि खरी मेल तिच्यात असते. दुसरी एमएसएफ म्हणजे फक्त सूची. ती नोटपॅडमध्ये नेहमी तशीच दिसते, आणि पुसली तरी थंडरबर्ड पुन्हा नवी बनवतं. त्याने मला पुस्तकाची सूची दाखवून पुस्तक जळालं असं सांगितलं. शेजारचीच ६ जीबीची फाइल त्याने उघडली नाही.

आधी तपासणीचे ४,९९९ रुपये मागितले. यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव कंपनीचं नव्हे, एका व्यक्तीचं आलं. विचारलं तर ‘आमचे अकाउंट्सवाले आहेत’ म्हणाला. मग जुन्या मशिनवर ‘स्कॅन’ सुरू केला. स्क्रीन काळी होईल, हात लावू नका, असं बजावलं. वीसेक मिनिटं स्क्रीन काळी होती. त्यानंतर ‘रिकव्हरी’चे ११,८०० रुपये. आणि शेवटी सूचना, की अठ्ठेचाळीस तास जुना कॉम्प्युटर चालू करायचा नाही, आमच्या सर्व्हरवर काम चालू आहे.

११,८०० चं बिलही पाठवलं. दहा हजार, वर अठरा टक्के जीएसटी. मी स्वतः जीएसटीचं रिटर्न भरते, तरी ते बिल मी त्या दिवशी वाचलं नाही, आणि याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. महाराष्ट्राचे आकडे २७. या बिलावर पत्ता बाणेरचा, नंबराची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्ली, आणि मोजले तर चौदाच. जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही नंबर टाकून नाव पाहता येतं. एका मिनिटाचं काम होतं.

तिसऱ्या दिवशी जर्मनीहून फोन आला. एका छोट्या भाषांतर संस्थेच्या बाई, आठ वर्षांची ओळख. त्या म्हणाल्या, ‘तुझी बँक बदलली का? आणि तू माझ्यावर रागावलीस का?’ माझ्या पत्त्यावरून त्यांना मेल गेली होती, की खातं बदललं आहे, थकलेलं २,३४० युरोचं बिल या नव्या आयबॅनवर, म्हणजे तिकडच्या खाते क्रमांकावर, भरा. माझं खरं बिल जोडलेलं, फक्त खात्याचा क्रमांक वेगळा. त्यांना शंका आली ती एका शब्दावरून. जर्मनमध्ये जवळच्या माणसाला ‘डू’ म्हणतात आणि परक्याला ‘झी’. आमचं गेली कित्येक वर्षं ‘डू’ चालतं, म्हणजे आपलं अगं-तुगं. त्या मेलमध्ये सगळीकडे ‘झी’ होतं.

काळ्या स्क्रीनच्या त्या वीस मिनिटांत काय झालं असणार ते तेव्हा उमगलं. थंडरबर्डमध्ये साठवलेले पासवर्ड सेटिंग्जमध्ये जाऊन एका बटणावर उघडे दिसतात. मुख्य पासवर्ड लावून ठेवला असेल तरच ते झाकलेले राहतात. मी लावला नव्हता. जुनं बिल त्याने जुन्या मशिनवरच्या थंडरबर्डमधल्या पाठवलेल्या मेल्समधून उचललं, आणि पासवर्ड मिळाल्यावर वेबमेलमधून, म्हणजे ब्राउझरमधून, माझ्या खात्यात शिरला. मी पासवर्ड बदलला आणि सुटकेचा श्वास सोडला, पण तेवढ्याने भागलं नव्हतं. त्याने वेबमेलमध्ये दोन नियम करून ठेवले होते. येणारी प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर पुढे जात होती, आणि ज्या मेलमध्ये बँक किंवा बिल हे शब्द असतील ती माझ्यासमोर न येता थेट कचऱ्यात. म्हणूनच त्या बाईंनी आधी लिहिलेलं विचारपत्र मला दिसलंच नव्हतं. पासवर्ड बदलल्यावर फॉरवर्डिंग आणि फिल्टर ही दोन पानं उघडून पाहाच. पासवर्ड बदलून हे नियम जात नाहीत.

माझी रानडेतली वर्गमैत्रीण निगडीला राहते, तीही भाषांतरंच करते. तिला फोन केला तर ती संध्याकाळी बाहेरची हार्ड डिस्क घेऊन आली. आधी जुन्या मशिनची इंटरनेटची तार काढली आणि दोन्हीकडचं ते ॲप उडवलं. मग जुन्या थंडरबर्डमध्ये मदतीच्या मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडून तिथल्या प्रोफाइल फोल्डरच्या बटणाने फोल्डर उघडला, थंडरबर्ड पूर्ण बंद केलं, आणि अख्खा फोल्डर डिस्कवर घेतला. लॅपटॉपवर त्याच वाटेने तिथला फोल्डर उघडला, थंडरबर्ड बंद केलं, आतलं सगळं काढून बाजूला ठेवलं आणि जुन्या फोल्डरमधलं सगळं त्या जागी टाकलं. नव्या मशिनवरचं थंडरबर्ड जुन्याइतकं किंवा त्याहून नवं असावं लागतं, उलटं चालत नाही. पाऊण तास गेला, त्यातला बराचसा नुसता कॉपी होण्यात. थंडरबर्ड उघडलं आणि २००७ पासूनची मेल, फोल्डरांच्या नावांसकट, समोर होती. काखेत कळसा म्हणतात तसं सगळं घरातच होतं.

थंडरबर्डच्या साधनांच्या मेनूत एक्स्पोर्टची सोयही आहे, पण ती २ जीबीपर्यंतच्या प्रोफाइललाच चालते. माझ्यासारखं जास्त असेल तर फोल्डरच उचलावा लागतो. कुणाकडे त्याहून जुनं आउटलुक एक्स्प्रेस असेल तर त्याची मेल डीबीएक्स फाइल्समध्ये असते, आउटलुक असेल तर बहुधा पीएसटी फाइलमध्ये. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की तो रिकामाच दिसतो, कारण त्याला जुन्या फाइल्सचा पत्ता माहीत नसतो. मेल गेली की नाही ते जुन्या डिस्कवरच्या फाइलचा आकार सांगतो. तो आकार जीबीत असेल तर आधी त्या फाइलची प्रत करा, मग काय ते बोला. आणि नवीन मशिनवर सगळं दिसतंय याची खात्री होऊन काही महिने जाईपर्यंत जुनी डिस्क कुणालाही देऊ नका, दुकानदाराला बदलीत तर नाहीच.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या सरकारी नंबरवर मी चौथ्या दिवशी फोन केला. तो पहिल्याच तासात करायला हवा होता, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्याआधीच बँकांना ते रोखता येतात. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार भरली, तिची प्रत घेऊन शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आले. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, तिकडच्या लोकांनी तिकडे जावं. बिल, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, फोन नंबर, त्या अनोळखी पत्त्याचं चित्र, सगळं जोडलं. मी पिन स्वतः टाकला होता, त्यामुळे बँकेकडून मला काही मिळालं नाही. पैसे अजून परत आलेले नाहीत.

माझ्या सगळ्या ग्राहकांना मी एकेक फोन करून कळवलं. पंचवीसेक जण होते, दोन दिवस लागले. बिलाच्या तळाशी आता एक ओळ असते, की खातं बदलल्याची मेल आली तर मला जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

गेल्या आठवड्यात त्याचाच आवाज, वेगळा नंबर. ‘ताई, तुमचं काम अर्धवट राहिलं, कंपनी पैसे परत करतेय. फक्त ते ॲप परत एकदा चालू करा.’ मी फोन ठेवला आणि तो नंबर तक्रारीत जोडून दिला.