मॉडेल बोटीला पंपाचा रेटा: चार प्रकारच्या पंपांची पारख

प्रोपेलर, शाफ्ट, स्टर्न ट्यूब (शाफ्ट बोटीबाहेर नेणारी नळी) आणि तिच्यातून झिरपणारं पाणी ही सगळी कटकट टाळायची तर बोटीत पाण्याचा पंप बसवून मागून झोत सोडायचा. कल्पना झकास आहे. पण पंपाच्या खोक्यावर छापलेला ‘ताशी लिटर’ हा आकडा बोटीच्या कामी जेमतेम अर्धाच येतो. रेटा ठरतो दोन गोष्टींवर: सेकंदाला किती पाणी बाहेर पडतं आणि ते किती वेगाने पडतं.

हिशेब सोपा आहे. पूर्ण नळी आणि नोझल (झोत सोडणारं टोकाचं तोंड) लावून एक लिटरचं भांडं किती सेकंदांत भरतं ते मोजा, त्यावरून सेकंदाचे मिलिलिटर काढा. त्या आकड्याचा वर्ग करा, नोझलच्या भोकाच्या क्षेत्रफळाने (चौरस मिलिमीटर) भागा, पुन्हा ९.८ ने भागा. उत्तर ग्रॅममधला रेटा. खालचे आकडे याच हिशेबाचे आहेत. खोक्यावरचा प्रवाह प्रत्यक्षात पुरता मिळत नाही, त्यामुळे ते थोडे वरचेच समजा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा तो ३ ते ६ व्होल्टचा चिमुकला सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालवायचा) पंप. ताशी ८० ते १२० लिटर, साधारण ०.२ अँपिअर, तोंड आतून ५ मिमी. ताशी १२० लिटर धरले तर रेटा येतो ५.८ ग्रॅम. हसू नका; दोन-तीनशे ग्रॅमची निमुळती बोट शांत पाण्यात तेवढ्यावर चालते. वाऱ्याची झुळूक आली की मात्र तीच सुकाणू धरते. सहा व्होल्टचा हा पंप दोन सेलच्या लिथियम बॅटरीवर (भरलेली असताना ८.४ व्होल्ट) लावला की मोटरचे ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे) लवकर संपतात. चार निकेल मेटल हायड्राइड सेल, म्हणजे ४.८ व्होल्ट, त्याला बरोबर. पाण्याबाहेर चालवू नका: इंपेलरभोवतीचं (पाणी फेकणाऱ्या चक्राभोवतीचं) प्लॅस्टिक पाण्यानेच थंड आणि वंगण घातलेलं राहतं.

या पंपाबरोबर मिळणारी बारीक नळीच बहुतेकांचा घात करते. ५ मिमीची ३० सेंमी नळी त्या प्रवाहाला सुमारे ३० सेंमी उंचीइतका दाब खाऊन टाकते, आणि पंपाची एकूण ताकदच मुळी पाणी मीटरभर वर चढवण्याची. तिथेच ८ मिमीची नळी घातली तर तोच तोटा दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून नळी जाड आणि आखूड घ्यायची, तिला काटकोनातला एल्बो न देता सैल वळण द्यायचं, आणि निमुळतं करायचं ते फक्त शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये.

नोझल किती बारीक करायचं, यावर गैरसमज फार. भोक लहान केलं की वेग वाढतो हे खरं, पण सेंट्रिफ्यूगल पंपात (फिरत्या चक्राने पाणी बाहेर फेकणाऱ्या) प्रवाहही घटतो. मीटरभर ताकदीच्या छोट्या पंपाला त्यातून काहीच मिळत नाही. ३ मिमीचं नोझल लावा नाहीतर ५ मिमीचं, रेटा तोच. १२ व्होल्टचा, ताशी २४० लिटर आणि ३ मीटर हेडचा (पाणी जितकं वर चढवता येतं ती उंची) ब्रशलेस, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा, पंप मात्र इथे वेगळा वागतो. ६ मिमीच्या उघड्या तोंडाने १६ ग्रॅम, तर साडेतीन मिमीच्या नोझलने २० ग्रॅमच्या आसपास. त्याहून बारीक केलं की पुन्हा उतार. थोडक्यात, हेड जास्त असेल तरच नोझलला अर्थ.

चौघांत पसंती याच ब्रशलेसला. आवाज जवळजवळ नाही, ब्रश नाहीत, सलग चालायची सवय. अडचण नियंत्रणाची: आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असल्याने ब्रशवाल्या मोटरचा स्पीड कंट्रोलर त्यावर चालत नाही. वेग बदलायचा तर व्होल्टेज कमी-जास्त करणारं मॉड्यूल लावा, नाहीतर सरळ चालू-बंद ठेवा. वायर उलटी जोडली तर फिरत नाही, कधी जळतोही. आणि साधारण ४.८ वॅट घेऊन उघड्या तोंडाच्या झोतात त्याचे चार टक्केही उतरत नाहीत, हे कबूल करायला हवं. पाणी वर चढवायला बनवलेल्या यंत्राकडून बोट ढकलून घेतली की असंच होणार.

३८५ मापाच्या मोटरचा डायफ्रॅम (लवचिक पडदा हलवून पाणी ढकलणारा) पंप बोटीसाठी टाळलेलाच बरा. मिनिटाला दीड लिटर, नोझल अडीच मिमी केलं तर १३ ग्रॅम. कागदावर वाईट नाही. शिवाय तो स्वतः पाणी ओढून घेतो, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या वर बसवता येतो. पण झोत धडधडत येतो, पातळ हल (बोटीचं कवच) बाजा होऊन वाजतो, आणि शेवाळाचा एक तुकडा झडपेत अडकला की प्रवाह निम्मा.

मोठ्या बोटीसाठी ताशी ५०० गॅलनचा (सुमारे १,९०० लिटर) १२ व्होल्टचा बिल्ज पंप (खऱ्या बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा). १९ मिमी तोंडातून १०० ग्रॅम, १० मिमी नोझलने १५० च्या घरात. मीटरभर लांबीची टगबोट किंवा अग्निशामक नौका यावर सहज फिरते. दोनेक अँपिअर खातो. तेवढ्याच विजेत चांगला प्रोपेलर दुपटीहून जास्त रेटा देईल. हा पंप बुडवूनच ठेवावा लागतो, म्हणून हलमध्ये पाण्याची कोठी करावी लागते: भिंती बाहेरच्या पातळीपेक्षा ३ सेंमी तरी उंच, तळाला जाळी लावलेलं मोठं भोक. हिशेबातली मेख अशी की कोठीतलं पाणी बोटीला तरंगवत नाही. १० बाय ८ सेंमीच्या कोठीत ५ सेंमी पाणी असेल तर ४०० ग्रॅम वजन पेलायची क्षमता गेली.

गाडीच्या काचेवर पाणी मारणारा वॉशर पंप स्वस्तात हाती लागतो, पण तो काही सेकंद चालण्यासाठीच बनवलेला असतो. सलग चालवला की तापतो.

जोडणीत नेहमी फसणारी जागा म्हणजे हवा. सेंट्रिफ्यूगल पंप हवा ढकलत नाही. नळीत मध्येच उंचवटा असेल तर तिथे बुडबुडा बसतो, मोटर गुणगुणते आणि झोत मात्र येत नाही. पंप सगळ्यात खाली, नळी सतत चढती, नोझल मागे. झोताने पाण्याला ढकलावं लागतं असं नाही, नोझल हवेत असलं तरी रेटा मिळतो. फक्त पातळीच्या वर जितकं चढवाल तितकं हेड वाया. तळाचं शोषतोंड बोटीच्या मध्याकडे ठेवा आणि जाळीचं क्षेत्रफळ भोकाच्या पाचपट तरी घ्या.

वळवायला दोन छोटे पंप डावी-उजवीकडे, किंवा एकच पंप, सिलिकॉन नळी आणि सर्वोने (रिमोटच्या इशाऱ्यावर वळणाऱ्या छोट्या मोटरने) फिरणारं नोझल. मागे जाण्याचा प्रश्न यातून सुटत नाही. मोटरचे टोक उलटे जोडले तरी इंपेलर पाणी त्याच तोंडातून फेकतो, फक्त कमी. रिव्हर्स हवाच असेल तर पुढच्या दिशेने तोंड केलेला आणखी एक पंप बसवा. ब्रशवाल्या पंपाच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, नाहीतर रिसीव्हरला झटके बसून सर्वो आपोआप वळू लागतो.